एंडोसायटोस्कोपीत चित्र गढूळ का येते : तयारी, पायऱ्यांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

मोठ्या आतड्यातील पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेला उंचवटा, ५२० पट मोठा करून पाहता येतो, त्याच्या पेशींची केंद्रके आणि ग्रंथींच्या पोकळ्या आतड्यातच, जिवंत अवस्थेत न्याहाळता येतात, आणि त्यावरून तो कसा काढावा किंवा काढावा की नाही, हे जागेवरच ठरवायला मदत होते. यालाच एंडोसायटोस्कोपी म्हणतात. प्रत्यक्षात मात्र शिकणाऱ्यांकडून माझ्याकडे येणाऱ्या चित्रांत पेशी क्वचितच दिसतात. बहुतेक चित्रांत निळसर काळा गढूळ पडदा असतो, आणि त्याखाली कारण लिहिलेले असते, ‘फोकस नीट बसला नाही’. चित्रांमागचा क्रम विचारत गेले की दोष फोकसच्या बराच आधी सापडतो. धुणे अपुरे झालेले असते, रंगाला वेळ दिलेला नसतो, किंवा भिंग टेकवण्याआधीच बायोप्सीचा चिमटा लागून रक्त आलेले असते. म्हणून या लेखात भिंग टेकवण्यापूर्वीच्या कामाला अधिक जागा दिली आहे.

लेख मोठ्या आतड्यापुरता आहे आणि झूम स्कोपमध्येच (आत घालायच्या, मोठे करून दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या लवचीक नळीतच) अंतर्भूत असलेल्या प्रकारच्या उपकरणाला धरून लिहिला आहे. एंडोस्कोपी कक्षातील डॉक्टर, तंत्रज्ञ आणि परिचारिका या तिघांनी तो एकत्र वाचावा, कारण चित्र तिघांच्या हातांनी तयार होते. आपल्या रुग्णालयाचे नियम आणि उत्पादकाची पुस्तिका यांना अर्थातच अग्रक्रम द्यावा.

आधी लक्षात ठेवायची मापे

५२० पटींवर एका वेळी दिसणारा भाग साधारण ५७० बाय ५०० मायक्रोमीटर असतो, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर. स्पष्ट दिसण्याची खोली सुमारे ३५ मायक्रोमीटर असते, आणि पृष्ठभागाखाली जास्तीत जास्त ५० मायक्रोमीटरपर्यंतच पाहता येते. पन्नास मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. माणसाचा केससुद्धा सहसा याहून जाड असतो. पॉलिपवर श्लेष्म्याचा, म्हणजे रोजच्या भाषेतल्या चिकट्याचा, तेवढा थर राहिला तर भिंग चिकट्यालाच टेकते आणि पेशी त्याच्या टप्प्याबाहेर राहतात. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

पायरी १ : रुग्णाची चौकशी आणि संमती

या तपासणीत मिथिलीन ब्लू आणि क्रिस्टल व्हायोलेट हे दोन रंग वापरले जातात. रंग पॉलिपवरच सोडायचा असला तरी मिथिलीन ब्लूचा काही अंश आतड्यातून रक्तात शोषला जातो, त्यामुळे पुढील प्रश्न आदल्या भेटीतच विचारावेत.

जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असल्यास मिथिलीन ब्लूमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटण्याचा धोका असतो. ही कमतरता पारशी आणि सिंधी समाजांत, तसेच काही आदिवासी समाजांत तुलनेने अधिक आढळते. त्यामुळे ‘पूर्वी एखाद्या औषधाने कावीळ झाली होती का, लघवी काळपट झाली होती का’ हा प्रश्न महाराष्ट्रात विचारलाच पाहिजे. नैराश्यासाठी फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन, एस्सिटालोप्रॅम यांसारखी औषधे घेणाऱ्यांमध्ये मिथिलीन ब्लूची परस्परक्रिया होऊन मेंदूतील सेरोटोनिन हे रसायन धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. हा धोका मुख्यत्वे शिरेतून दिलेल्या मात्रेच्या संदर्भात सांगितला जातो, तरीही नोंद करावी आणि रंग शक्य तितका कमी वापरावा. ‘मनासाठी काही गोळ्या चालू आहेत का’ असे नुसते विचारले तर अनेक जण नातेवाइकांसमोर नाही म्हणतात. म्हणून औषधांची पिशवीच सोबत आणायला सांगावी आणि गोळ्यांच्या पट्ट्या स्वतः वाचाव्यात. गरोदर स्त्रियांमध्ये हे रंग टाळावेत.

क्रिस्टल व्हायोलेट प्राण्यांवरील प्रयोगांत कर्करोगकारक आढळले आहे. संमती घेताना हे लपवू नये. हा रंग कमी तीव्रतेचा, थोडा आणि फक्त पॉलिपवर वापरला जाईल, हे समजावून सांगावे. दुसऱ्या दिवशीपर्यंत लघवी आणि शौच निळसर हिरवे होऊ शकते, हेही आधीच सांगितले म्हणजे रात्री घाबरून फोन येत नाही.

*खात्री :* औषधांची यादी, जी-सिक्स-पीडीचा प्रश्न, रक्त पातळ करणारी औषधे आणि काचबिंदू किंवा लघवी अडण्याचा त्रास, या चारही नोंदी कागदावर असल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेवटच्या नोंदीचा संबंध पायरी ७ मध्ये येणाऱ्या इंजेक्शनशी आहे.

पायरी २ : आतडे खरोखर रिकामे करणे

साध्या कोलोनोस्कोपीत खपून जाणारा पिवळट ओशट थर इथे खपत नाही. पॉलिइथिलिन ग्लायकॉलचे द्रावण दोन भागांत द्यावे. दुसरा भाग तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवावा. सगळे द्रावण आदल्या रात्रीच पाजले तर लहान आतड्यातून उतरणारा पित्तयुक्त चिकटा सकाळपर्यंत आतड्याच्या उजव्या बाजूवर पसरतो आणि तो धुवून काढणे अवघड जाते.

आहाराच्या सूचना छापील कागदावर देऊन भागत नाही, कारण ‘हलके खा’ याचा अर्थ आपल्याकडे वेगळा घेतला जातो. आदल्या दिवशी ‘उपवासच केला’ असे सांगणाऱ्या रुग्णाने शेंगदाण्याच्या कुटाची साबुदाण्याची खिचडी खाल्लेली असते, आणि दाण्याचे कण धुण्याच्या पाण्याबरोबर स्कोपच्या नळीत अडकतात. म्हणून नावे घेऊन सांगावे : आदल्या दिवशी दाणे, तीळ, पालेभाजी, पेरू, टोमॅटो, वांगे, कोंड्याची भाकरी आणि इसबगोल नको, मऊ भात आणि वरणाचे वरचे पाणी चालेल. ताक पातळ असले तरी पारदर्शक द्रवांत मोडत नाही. कोकम सरबत आणि बिटाचा रस यांचा रंग पडद्यावर रक्तासारखा भासतो, म्हणून तेही नको. लोहाच्या गोळ्या ५ ते ७ दिवस आधी थांबवाव्यात.

*खात्री :* बोस्टन मोजमापात (आतड्याच्या स्वच्छतेला प्रत्येक भागासाठी ० ते ३ गुण देण्याच्या पद्धतीत) आतड्याच्या तिन्ही भागांना प्रत्येकी किमान २ गुण मिळाले पाहिजेत. ज्या भागात पॉलिप आहे त्या भागाला २ पेक्षा कमी गुण असतील आणि धुऊनही फरक पडत नसेल, तर त्या दिवशी पेशी पाहण्याचा आग्रह सोडावा.

पायरी ३ : रंग तयार करून ठेवणे

रंग पॉलिप सापडल्यावर तयार करायला घेऊ नयेत. स्कोप आत असताना घाईत केलेले मिश्रण बहुधा चुकते.

मिथिलीन ब्लू मोठ्या आतड्यासाठी १ टक्का, म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम, या तीव्रतेचे लागते. या तीव्रतेची निर्जंतुक इंजेक्शने मिळतात आणि ती पाणी न घालता वापरता येतात. क्रिस्टल व्हायोलेट ०.०५ टक्का लागते. मूळ द्रावण १ टक्क्याचे असेल तर १ मिलिलिटर द्रावणात १९ मिलिलिटर शुद्ध पाणी घालावे, मूळ ०.५ टक्क्याचे असेल तर १ मिलिलिटरला ९ मिलिलिटर पाणी घालावे. हा हिशेब कक्षातील फळ्यावर लिहून ठेवावा, कारण मूळ बाटली बदलली की सवयीने जुनेच प्रमाण वापरले जाते आणि रंग दुप्पट गडद होतो. तयार द्रावण गाळून घ्यावे, कारण न विरघळलेला कण या मोठेपणावर पेशीच्या केंद्रकासारखाच काळा ठिपका दिसतो.

*सावधान :* सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ग्रॅम स्टेनसाठी, म्हणजे जिवाणू रंगवून ओळखण्यासाठी, असलेली क्रिस्टल व्हायोलेटची बाटली कधीही आणू नये. त्या द्रावणात सहसा अल्कोहोल आणि अमोनियम ऑक्झलेट असते आणि ते रुग्णाच्या शरीरात वापरण्यासाठी बनवलेले नसते. बाटलीवरचे नाव तेच आणि रंगही तोच, त्यामुळे नवख्या माणसाच्या हातून ही चूक सहज होते. औषधांच्या दुकानातील जेन्शियन व्हायोलेटचा पेंटही चालत नाही. योग्य प्रतीचे द्रावण रुग्णालयाच्या औषधनिर्मात्याकडून लेखी मागणी करूनच घ्यावे.

*सावधान :* दोन्ही रंग सिरिंजमध्ये भरल्यावर जवळजवळ काळेच दिसतात. प्रत्येक सिरिंजवर रंगाचे नाव, तीव्रता आणि वेळ लिहिलेली पट्टी लावावी, आणि या सिरिंज भुलीच्या औषधांच्या ट्रेपासून दूर, वेगळ्या स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवाव्यात. रंगाची सिरिंज शिरेच्या नळीपाशी पोहोचणार नाही, ही जबाबदारी तपासणीपूर्वी एकाच व्यक्तीवर नाव घेऊन सोपवावी.

पायरी ४ : रंग टाकण्याआधी जे पाहायचे ते पाहून घेणे

क्रमाच्या चुकांत ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. मिथिलीन ब्लू एकदा पडले की रक्तवाहिन्यांचे जाळे वाचता येत नाही. म्हणून पॉलिप सापडताच रंगाकडे हात न नेता पुढील क्रम पाळावा.

साध्या पांढऱ्या प्रकाशात दुरून आणि जवळून चित्र घ्यावे, आकार, जागा आणि पृष्ठभाग नोंदवावा. नंतर एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग), म्हणजे रक्तवाहिन्या ठळक दाखवणारा निळा-हिरवा प्रकाश लावून नेहमीच्या झूममध्ये रक्तवाहिन्या पाहाव्यात. त्यानंतर, रंग न टाकताच, एनबीआयमध्येच भिंग टेकवून ५२० पटींवर रक्तवाहिन्या पाहाव्यात. या पाहणीचे ईसी-व्ही (ईसी म्हणजे एंडोसायटोस्कोपी, व्ही म्हणजे व्हॅस्क्युलर, रक्तवाहिन्यांचे) हे स्वतंत्र वर्गीकरण आहे. त्यात पृष्ठभागावरच्या सूक्ष्म वाहिन्या अस्पष्ट असतील तर ईसी-व्ही १, स्पष्ट आणि सारख्या जाडीच्या असतील तर ईसी-व्ही २, आणि फुगलेल्या, वेड्यावाकड्या, जाडी बदलत जाणाऱ्या असतील तर ईसी-व्ही ३ असे म्हणतात. पहिला प्रकार सहसा निरुपद्रवी असलेल्या हायपरप्लास्टिक पॉलिपकडे, दुसरा पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या अ‍ॅडेनोमाकडे आणि तिसरा खोलवर गेलेल्या कर्करोगाकडे बोट दाखवतो. रंगाला मनाई असलेल्या रुग्णात इथेच थांबता येते, आणि एवढ्यानेही बरीच माहिती हाती लागते.

*सावधान :* या टप्प्यावर बायोप्सी घेऊ नये आणि पॉलिपखाली पाणी टोचून तो उचलूही नये. मी शिकत असताना सिग्मॉइडमधल्या (मोठ्या आतड्याच्या शेवटाकडच्या वळणदार भागातल्या) एका चपट्या पॉलिपची ‘एकच लहान बायोप्सी’ आधी घेऊन ठेवली होती. नंतर भिंग टेकवले तेव्हा पडद्यावर फक्त तांबड्या पेशींची दाटी दिसत होती. पंधरा मिनिटे धुऊनही ती हटली नाही, आणि ज्या कडेवर शंका होती ती कडाच चिमट्याने फाटलेली होती. पुढे पॉलिप एका तुकड्यात काढायचा असेल तर आधीच्या बायोप्सीमुळे खाली तयार होणारा घट्ट व्रण हा आणखी एक अडथळा ठरतो.

पायरी ५ : धुणे

माझ्या अनुभवात चित्र घडते किंवा बिघडते ते इथे. धुणे म्हणजे पाण्याचा फवारा मारणे, अशी समजूत असते आणि बहुतेक नुकसान त्यातूनच होते. पॉलिपचा पृष्ठभाग नाजूक असतो. समोरून जोरात धार बसली की त्यातून बारीक रक्तस्राव सुरू होतो, आणि रक्ताचा थर चिकट्यापेक्षाही वाईट असतो, कारण धुतला तरी तो पुन्हा येतो.

पाणी कोमट असावे. गार पाण्याने आतडे आकुंचन पावते आणि पुढे भिंग स्थिर ठेवणे कठीण होते. फेस असेल तर पाण्यात सिमेथिकोन अगदी थोडे घालावे. जास्त प्रमाणात घातलेले सिमेथिकोन स्कोपच्या आतल्या नळ्यांत साचून राहते आणि निर्जंतुकीकरणाला अडथळा करते, त्यामुळे ते पाण्याच्या बाटलीत ओतून न ठेवता सिरिंजने नळीतून द्यावे.

धार पॉलिपवर न मारता त्याच्या वरच्या अंगाच्या निरोगी भिंतीवर मारावी आणि पाणी पॉलिपवरून ओघळू द्यावे. वरचे अंग कोणते हे कळण्यासाठी आतड्यात साचलेले पाणी कुठे जमते ते पाहावे; पॉलिप त्या डबक्यात बुडत असेल तर रुग्णाची कूस बदलून तो वर आणावा. कूस बदलायला दोन मिनिटे लागतात, म्हणून ती टाळली जाते, आणि मग डबक्यातल्या पॉलिपवर टाकलेला रंग पाण्यातच विरून जातो.

साध्या पाण्याने चिकटा निघत नसेल तर १० टक्के एन-असिटिलसिस्टीनचे काही मिलिलिटर कॅथेटरने पॉलिपवर हळू सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि पुन्हा कोमट पाण्याने ओघळ द्यावा. जपानमध्ये, जिथे ही पद्धत वाढली, तिथे चिकटा विरघळवण्यासाठी प्रोनेज हे विकरही वापरतात. चिकट्यावर रंग टाकला तर रंग चिकट्यालाच चढतो. मग पडद्यावर निळे धागे आणि ढग दिसतात, आणि ‘रंग कमी पडला’ असे वाटून आणखी रंग ओतला जातो. अशा वेळी रंग वाढवू नये, मागे येऊन पुन्हा धुवावे.

धुणे पुरले की नाही याची एक सोपी खूण आहे. एनबीआयमध्ये नेहमीच्या झूमने पाहताना पृष्ठभागावरच्या रेघा कडेपर्यंत सलग आणि धारदार दिसल्या पाहिजेत. रेघ मध्येच पुसट होऊन पुढे पुन्हा दिसत असेल, तर त्या पुसट जागी अजून थर आहे. पांढऱ्या प्रकाशात हा फरक सहज कळत नाही.

*खात्री :* सलग दोन वेळा ओघळ दिल्यावर पाण्याबरोबर धागे येत नाहीत, कुठेही ताजे रक्त नाही, आणि साचलेले पाणी शोषून घेतले आहे. या तिन्हींची खात्री झाल्यावरच पुढे जावे.

पायरी ६ : रंग देणे आणि थांबणे

दोन्ही रंग वापरायचे असतील तर आधी क्रिस्टल व्हायोलेट द्यावे. त्याने ग्रंथींच्या तोंडांचा नमुना, म्हणजे पिट पॅटर्न, नेहमीच्या झूममध्ये वाचून घेता येतो. त्यानंतर मिथिलीन ब्लू द्यावे. पहिल्याने पेशींचा मुख्य भाग जांभळा होतो आणि दुसऱ्याने केंद्रके निळी होतात, त्यामुळे चित्र विकृतिशास्त्राच्या रंगवलेल्या काचपट्टीच्या जवळ जाते. एकच रंग वापरायचा असेल तर मिथिलीन ब्लू पुरते.

रंग टोक मऊ आणि बोथट असलेल्या कॅथेटरने द्यावा. कॅथेटर पॉलिपला लावू नये. त्याच्या किंचित वर धरून थेंब थेंब सोडावा. फवारणीने रंग साऱ्या भिंतीवर उडतो, भिंगावर येतो आणि पॉलिपवर मात्र असमान बसतो. लहान पॉलिपला काही मिलिलिटर पुरतात.

आता घड्याळ लावावे. मिथिलीन ब्लू दिल्यानंतर किमान ६० सेकंद काहीही करू नये. हा मिनिट कक्षात फार लांब वाटतो. अंदाजाने मोजला तर वीस-पंचवीस सेकंदांतच कोणीतरी पाणी मारते. म्हणून परिचारिकेने वेळ मोठ्याने सांगावी. या मिनिटात दुरून पाहत राहिले तर बदल टिपता येतो : सुरुवातीला रंग पॉलिपच्या खाचांत शाईसारखा तरंगतो आणि उंचवटे गुलाबीच असतात, मग उंचवट्यांवर फिकट निळी झाक धरते, आणि मिनिटाच्या शेवटी हलका ओघळ देऊन शाई वाहून नेली तरी निळा रंग मागे राहतो. ओघळाबरोबर सगळाच रंग निघून गेला, तर पेशींनी तो घेतलेला नाही असे समजावे.

*चूक आणि उपाय :* रंग फिका असेल तर केंद्रके आजूबाजूपासून वेगळी दिसत नाहीत. तेव्हा थोडा रंग पुन्हा देऊन पुन्हा मिनिटभर थांबावे. रंग अति झाला तर सारे चित्र गडद निळे होते आणि निरोगी पेशीही दाट केंद्रकांच्या वाटू लागतात. हा दुसरा दोष अधिक धोक्याचा आहे, कारण त्यातून साध्या पॉलिपला गंभीर ठरवले जाते. अशा वेळी सौम्य ओघळ द्यावा आणि रंग उतरेपर्यंत थांबावे.

पायरी ७ : भिंग टेकवणे

स्कोप सरळ करून घ्यावा. वेटोळे राहिले असेल तर हाताची हालचाल टोकापर्यंत नीट पोहोचत नाही आणि अर्ध्या मिलिमीटरच्या जगात ते चालत नाही. आतडे फार हलत असेल तर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड १० ते २० मिलिग्रॅम शिरेतून देता येते, मात्र अरुंद कोनाचा काचबिंदू, लघवी अडणे किंवा हृदयाचे ठोके फार जलद असणे यांपैकी काही असेल तर देऊ नये.

प्रथम शेजारच्या निरोगी श्लेष्मल त्वचेला (आतड्याच्या आतल्या अस्तराला) भिंग लावावे. तिथे गोल पोकळ्या आणि त्यांच्या कडेने नीट मांडलेली केंद्रके दिसली, तर धुणे, रंग आणि उपकरण तिन्ही ठीक आहेत. निरोगी त्वचाच गढूळ दिसत असेल तर पॉलिपकडे जाण्यात अर्थ नाही. पायरी ५ कडे परत जावे. हा एक मिनिटाचा पडताळा पुढची बरीच धडपड वाचवतो, तरी घाईत तोच वगळला जातो.

पॉलिपजवळ नेहमीच्या मोठेपणात जावे, पाहायची जागा पडद्याच्या मध्यावर आणावी, मग झूमचा खटका शेवटपर्यंत न्यावा आणि भिंग अलगद टेकवावे. स्कोप पुढे ढकलण्यापेक्षा हवा थोडी शोषून घ्यावी. आतड्याची भिंत आपणहून भिंगाकडे येते आणि दाब मोजका राहतो. दाब जास्त झाल्याची खूण म्हणजे भाग पांढुरका पडणे, पोकळ्या चपट्या होणे आणि केंद्रके एका बाजूला ताणलेली दिसणे. तसे दिसताच केसभर मागे यावे.

श्वासाबरोबर चित्र सरकत असेल आणि रुग्ण जागा असेल, तर त्याला ‘काका, पाच सेकंद श्वास धरा’ असे सांगून तेवढ्यात चित्र घ्यावे. हृदयाच्या ठोक्याची थरथर थांबवता येत नाही. दोन ठोक्यांमधल्या क्षणी चित्र पकडण्याचा सराव करावा किंवा सलग चित्रण घेऊन नंतर त्यातले स्थिर चित्र निवडावे.

*खात्री :* अर्धा मिलिमीटर म्हणजे पॉलिप नव्हे. दहा मिलिमीटरच्या पॉलिपची एकच जागा पाहून निष्कर्ष काढू नये. कडा, मध्य, आणि पायरी ४ मध्ये ज्या जागी शंका आली होती ती जागा, या तिन्ही पाहाव्यात, आणि प्रत्येक वेळी झूम मागे घेऊन आपण नेमके कुठे होतो ते दुरून टिपावे.

पायरी ८ : चित्र वाचणे

आधी पोकळीचा आकार वाचावा, मग केंद्रके. केंद्रकांपासून सुरुवात केली तर रंगाच्या गडदपणाने दिशाभूल होते. जपानी एंडोस्कोपीतज्ज्ञ शिन-एई कुदो यांच्या गटाने मांडलेले ईसी वर्गीकरण मोठ्या आतड्यासाठी सोयीचे आहे. ईसी १ए म्हणजे निरोगी रचना : गोल पोकळी, कडेला बारीक लांबट केंद्रके. ईसी १बी मध्ये पोकळी अरुंद आणि दातेरी असते, केंद्रके लहान कणांसारखी असतात. हे हायपरप्लास्टिक पॉलिपचे चित्र. ईसी २ मध्ये पोकळी फटीसारखी लांबट पण गुळगुळीत कडांची असते आणि केंद्रके सारखी, लांबट किंवा गोलसर असतात, हा अ‍ॅडेनोमा. ईसी ३ए मध्ये पोकळ्या अनियमित होतात आणि गोल झालेली पुष्कळ केंद्रके दिसतात. ईसी ३बी मध्ये ग्रंथीची रचनाच ओळखू येत नाही, विद्रूप केंद्रकांचे पुंजके दिसतात, आणि कर्करोग श्लेष्मल त्वचेखाली खोलवर गेल्याची दाट शंका घ्यावी लागते.

इथे शिकणाऱ्यांची एक चूक वारंवार दिसते. ते या चित्राची तुलना पुस्तकातल्या काचपट्टीच्या चित्राशी जसेच्या तसे करू पाहतात. काचपट्टीवर ऊतीचा उभा छेद असतो; आपण मात्र वरून पाहत असतो. मधाच्या पोळ्याकडे समोरून पाहिले तर षटकोनी तोंडे दिसतात, आणि तेच पोळे उभे चिरले तर लांब नळ्या दिसतात. पोळे एकच असते. म्हणून केंद्रके किती थर चढली आहेत हे इथे थेट दिसत नाही, आणि कर्करोग किती खोल गेला आहे हेही दिसत नाही. पन्नास मायक्रोमीटरखालची माहिती पृष्ठभागावरून केलेले अनुमान असते, आणि अहवालात ते तसेच लिहावे.

दातेरी प्रकारच्या चपट्या पॉलिपमध्ये ईसी १बी पाहून ‘हायपरप्लास्टिक, सोडून द्या’ असे लगेच म्हणू नये. उजव्या बाजूचा, मोठा, चिकट्याने झाकलेला आणि पोकळ्या अंडाकृती फुगलेल्या असा पॉलिप असेल तर सेसाइल सेरेटेड लीजन, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणारा दातेरी पॉलिप, असण्याची शक्यता धरावी. सुजलेल्या आतड्यात नव्याने भरून येणाऱ्या पेशींची केंद्रकेही मोठी दिसतात. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णात ईसी २ किंवा ३ लिहिण्याआधी सूज नसलेला भाग शोधून तुलना करावी.

या चित्रांचे वाचन करणारी संगणकीय प्रणालीही आहे. एंडोब्रेन या नावाच्या प्रणालीला जपानमध्ये २०१८ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. परंतु तिलाही तुम्ही धुतलेले आणि रंगवलेलेच चित्र मिळते, त्यामुळे आधीच्या सात पायऱ्या तिच्यासाठीही तितक्याच लागू आहेत.

पायरी ९ : बायोप्सी किंवा पॉलिप काढणे, आणि स्कोपची सफाई

सर्व चित्रे साठवली आहेत हे पाहून मगच चिमटा किंवा तारेचा फास मागवावा. ज्या जागेचे चित्र घेतले तिथलाच तुकडा घ्यावा आणि विकृतिशास्त्रज्ञाला पाठवायच्या कागदावर ‘मिथिलीन ब्लू व क्रिस्टल व्हायोलेट वापरले आहे’ असे स्पष्ट लिहावे. ईसी ३बी वाटत असेल तर घाईने फास टाकू नये; शस्त्रक्रियेच्या चमूशी बोलेपर्यंत पॉलिप जागेवर असलेलाच बरा.

स्कोप बाहेर येताच, तो वाळण्याआधी, पलंगाशेजारीच डिटर्जंटच्या पाण्याने नळी धुवून घ्यावी. त्यानंतर गळतीची तपासणी, ब्रशने हाताने सफाई, जंतुनाशक प्रक्रिया, शुद्ध पाण्याने खंगाळणे आणि वाळवणे हा नेहमीचा क्रम पाळावा. रंग भिंगाच्या कडेला वाळून बसला तर पुढच्या रुग्णाच्या चित्रात कोपऱ्यात कायम निळी सावली राहते. भिंग कोरड्या गॉजने घासू नये. ओल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने टिपावे.

पायरी १० : अहवालाशी पडताळा

एक जाड वही ठेवावी. प्रत्येक पॉलिपसाठी जागा, आकार, धुण्याच्या फेऱ्या, रंगाची वेळ सेकंदांत, निरोगी त्वचेचे चित्र स्पष्ट आले की नाही, आपले ईसी वाचन, आणि शेवटचा रिकामा रकाना विकृतिशास्त्राच्या अहवालासाठी. अहवाल काही दिवसांनी येतो आणि तोपर्यंत चित्र विस्मरणात गेलेले असते, म्हणून तो रकाना आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी भरावा. जिथे वाचन आणि अहवाल जुळत नाहीत, तिथे केंद्रकांची चर्चा सुरू करण्याआधी त्याच ओळीतले धुण्याचे आणि सेकंदांचे रकाने पाहावेत. ते नीट भरलेले असतील तर साठवलेले चित्र आणि काचपट्टी घेऊन विकृतिशास्त्रज्ञाकडे जावे आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहावे.